रक्तातील झुंजीचा हिशेब : जे. बी. एस. हाल्डेन यांचे जीवन

आमच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत थोर व्यक्तींची चरित्रे देण्याची प्रथा जुनी आहे. या वेळी आम्ही ज्यांचे चरित्र देत आहोत त्यांचे छायाचित्र आमच्या सभागृहात नाही. तरीही त्यांचे आमच्यावर एक ऋण आहे, आणि ते मान्य करण्यापूर्वी आम्हांला आमची एक चूक मान्य केली पाहिजे.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून आमच्याकडे मुले येतात. हिवाळा लागला की त्यांतील काही मुले हातपाय ठणकतात म्हणून अंथरुणातून उठत नसत. पहाटेची वंदना चुकविण्याचा हा बहाणा आहे, अशी आमची समजूत होती. एका मुलीला तर आम्ही मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा केली. त्या रात्री तिला असह्य वेदना सुरू झाल्या आणि दवाखान्यात रक्ततपासणी झाल्यावर कळले, की तिला सिकलसेलचा आजार आहे. थंडी, श्रम आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांनी तो उसळतो. तिची आई भेटावयास आली तेव्हा हे कोणाच्या पापाचे फळ, असे तिने आम्हांला विचारले. आम्ही निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या माणसापर्यंत पोहोचलो, त्यांचे नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. कोळशाच्या खाणीत मजूर गुदमरून का मरतात, याचा शोध घेण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत आणि विषारी वायूंचे प्रयोग स्वतःच्या देहावर करीत. लहानग्या मुलालाही ते सोबत नेत. एकदा खाणीत त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणावयास सांगितले. छताशी साचलेला वायू छातीत गेल्याने थोड्याच वेळात मुलाचे पाय लटपटले आणि तो खाली बसला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तो सावरला. हलका वायू वर साचतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. त्याहून मोठा धडा असा, की ज्या ज्ञानाने कष्टकऱ्याचा जीव वाचतो ते मिळविताना विद्वानाने स्वतःचा जीव जपत बसू नये.

ऑक्सफर्डमध्ये त्यांनी प्रथम गणिताचा आणि पुढे ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आनुवंशिकतेची गोडी घरीच लागली होती. धाकटी बहीण नेओमी आणि एक मित्र यांच्यासह त्यांनी उंदरांच्या पिढ्यांवर प्रयोग केले. तो निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते आणि तो मित्र युद्धात कामी आला होता. हाल्डेन स्वतः फ्रान्समध्ये व नंतर मेसोपोटेमियात जखमी झाले. उपचारासाठी त्यांना भारतात आणण्यात आले आणि बरे झाल्यावर महू येथील लष्करी छावणीत बॉम्बफेकीचे शिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले. १४ एप्रिल १८९१ रोजी ज्या महूत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले, तेच हे महू. गोऱ्या अधिकाऱ्याच्या रुबाबात भारतात राहणे हाल्डेन यांना रुचले नाही, परंतु या देशाची ओढ मात्र मनात कायम राहिली.

युद्धानंतर त्यांचे खरे कार्य सुरू झाले. १९१९ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र त्यांनी दिले. पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर यांनी १९४४ साली त्याच प्रश्नावर दुसरे सूत्र दिले, आणि आजही जगभर ही दोन्ही सूत्रे त्या दोघांच्या नावांनीच वापरली जातात. १९२४ पासून हाल्डेन यांनी नैसर्गिक निवडीचा गणिती सिद्धांत मांडणारी निबंधमाला लिहिली. डार्विनने निवड होते हे सांगितले होते. ती किती वेगाने होते, हे हाल्डेन यांनी मोजले. मँचेस्टरच्या परिसरात धुरकट झाडांवर बसणाऱ्या एका पतंगाची काळी जात १८४८ मध्ये अगदी विरळ होती. पन्नासएक वर्षांत तीच सर्वत्र दिसू लागली. हे घडण्यासाठी काळ्या पतंगांची संतती फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट जगली पाहिजे, असा हिशेब त्यांनी मांडला. उत्क्रांती ही केवळ लक्षावधी वर्षांची संथ गोष्ट नसून ती आपल्या डोळ्यांदेखत चालू असते, हे त्या आकड्याने दाखविले.

पुढचा प्रश्न अधिक कठीण होता. पतंगाच्या बाबतीत झाडाचा काळेपणा आपल्या जागी स्थिर होता. परंतु ज्याच्याशी झुंज आहे तोही जिवंत असला आणि तोही पिढीगणिक बदलत असला, तर हिशेब कसा मांडावा? १९४९ साली रोग आणि उत्क्रांती या विषयावरील निबंधात हाल्डेन यांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. रोगजंतूंच्या पिढ्या भराभर होतात, म्हणून ते आपल्या यजमानाशी लवकर जुळवून घेतात. ज्या प्रकारचा यजमान संख्येने अधिक, त्याच्यावर हल्ला करण्यात जंतू पटाईत होतात. अशा वेळी ज्याच्या रक्ताची घडण विरळ आहे, तो वाचतो. त्याची संतती वाढते, विरळ प्रकार बहुसंख्य होतो, आणि जंतू पुन्हा त्याच्या मागे लागतात. अशा रीतीने हे चाक फिरत राहते. म्हणून एका जातीच्या जीवांत वैविध्य असणे हाच तिचा कोट ठरतो.

उदाहरण म्हणून त्यांनी गहू आणि तांबेरा यांचे नाते दिले. तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार करावा, तर काही काळाने तांबेऱ्याचा नवा प्रकार निघतोच. त्याच सुमारास अमेरिकेत हॅरल्ड फ्लोर हे जवस व त्यावरील तांबेरा यांचा अभ्यास करीत होते. जवसाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तांबेऱ्याचे एक जनुक उत्तर देते, असे त्यांना आढळले. १९५८ मध्ये चार्ल्स मोड यांनी परजीवी व यजमान यांच्या या जोडबदलाचे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले आणि त्याला जे नाव दिले, त्यालाच आपण मराठीत सहउत्क्रांती म्हणतो. एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाचे कारण होतो आणि दुसऱ्याचा बदल पुन्हा पहिल्याचे. कारणावाचून आणि एकट्याने काहीच उपजत नाही, हे तत्त्व आमच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. हाल्डेन आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी त्याला आकड्यांची जोड दिली, एवढेच.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत थॅलेसिमिया हा रक्ताचा आनुवंशिक रोग बराच आढळतो. इतका घातक दोष टिकून कसा राहतो, हे कोडे होते. काही संशोधकांच्या मते त्याचे जनुक पुनःपुन्हा नव्याने उपजत असावे. हाल्डेन यांना हे पटले नाही. १९४८ मध्ये स्टॉकहोम येथील आनुवंशशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी वेगळा तर्क मांडला. ज्यांना हे जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच मिळाले आहे, त्यांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे आणि म्हणून ते टिकले असावे, असा तो तर्क होता. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील आपल्या पाहणीवरून सिकलसेलच्या बाबतीत नेमके हेच दाखवून दिले. सिकलसेलच्या वाहक मुलांना घातक हिवतापाचा त्रास कमी होतो, हे त्यानंतर अनेक ठिकाणी सिद्ध झाले.

यातील गणित आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. एखाद्या समाजात दर दहा जनुकांमागे एक सिकलसेलचे आहे असे धरू. प्रत्येकाला दोन जनुके मिळतात, एक आईचे व एक बापाचे. मग १०० मुलांपैकी ८१ जणांची दोन्ही जनुके साधी असतील, १८ वाहक असतील आणि एकाची दोन्ही जनुके सिकलसेलची असतील. तो एक रुग्ण. जुन्या काळी औषधोपचाराअभावी तो रुग्ण लहानपणीच दगावला असे समजू. त्याच काळात हिवतापाने त्या ८१ पैकी ९ मुले नेली, आणि वाहक मात्र वाचले. उरली ७२ साधी आणि १८ वाहक, म्हणजे ९० मुले व १८० जनुके. त्यांत सिकलसेलची जनुके १८, म्हणजे पुन्हा दहांत एक. तराजूची दोन्ही पारडी सारखी राहिली. त्या एका मुलाचा मृत्यू आणि वाहकांचे वाचणे ही एकाच जनुकाची दोन फळे आहेत. हिवतापाच्या परजीवीशी आपल्या पूर्वजांनी दिलेल्या झुंजीची ती किंमत आहे. ते कोणाच्याही पापाचे फळ नाही.

हाच हिशेब वऱ्हाडच्या शेतकऱ्याने पऱ्हाटीच्या वावरात वेगळ्या रूपाने अनुभवला आहे. अळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. जिकडेतिकडे एकाच धर्तीची कपाशी उभी राहिली. गुलाबी बोंडअळीची उपजीविका जवळजवळ सर्वस्वी कपाशीवरच चालते, म्हणून तिच्यापुढे दोनच मार्ग होते, मरणे किंवा बदलणे. ती बदलली. २०१७ च्या हंगामात अमरावती, अकोला, यवतमाळ भागांत फुटण्याआधीच बोंडे किडली. बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत साध्या बियाण्याचे लहान पाकीट मिळत असे, ते याच गणितावर आधारलेले होते. कडेच्या साध्या ओळींत न बदललेल्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा बदललेल्या पतंगांशी संकर व्हावा आणि त्या संकरातील वाहक अळ्या बीटी कपाशीवर मराव्यात, अशी ती योजना होती. बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिले, कारण त्याचा अर्थ त्यांना कोणी नीट समजावून सांगितलाच नाही. फरदड घेऊ नका, कामगंध सापळे लावा, असे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांतील तज्ज्ञ सांगतात, त्यामागेही अळीची पिढी तोडण्याचाच हिशेब आहे.

पुन्हा हाल्डेन यांच्याकडे वळू. केंब्रिज आणि नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९३२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९३९ साली थेटिस ही पाणबुडी बुडाली, तेव्हा कोंडलेल्या हवेचा माणसावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी ते स्वतः दाबाच्या पेटीत बसले. वृत्तपत्रांतून मजुरांना कळेल अशा भाषेत विज्ञान लिहिणे ते कमीपणाचे मानीत नसत. त्यांच्या हातून चुकाही झाल्या. ते साम्यवादी पक्षात होते, आणि सोव्हिएत रशियात लायसेन्को आनुवंशशास्त्राची गळचेपी करीत असताना त्याविरुद्ध स्पष्ट बोलण्यास त्यांनी फार उशीर लावला. थोर माणसाच्या चरित्रातून हेही झाकू नये, असे आम्हांला वाटते.

एका गोष्टीत मात्र ते ठाम राहिले. दुर्बल व रोगी माणसांची सक्तीने नसबंदी करून वंश शुद्ध करावा, असे त्या काळी युरोप-अमेरिकेत अनेक शहाणे म्हणत होते. १९३८ साली आनुवंशिकता आणि राजकारण या विषयावरील पुस्तकात हाल्डेन यांनी या विचाराचा आणि नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाचा समाचार घेतला. आमच्या वरच्या उदाहरणावरूनही यातील फोलपणा दिसतो. त्या १०० मुलांत सिकलसेलची एकूण २० जनुके आहेत. त्यांपैकी १८ धडधाकट वाहकांत असून रुग्णात फक्त दोन आहेत. रुग्णाला तुच्छ लेखून समाज कसला शुद्ध होणार?

१९५७ साली प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून हाल्डेन पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझवरील ब्रिटनच्या हल्ल्याचा निषेध म्हणून आपण देश सोडत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. येथे त्यांनी धोतर-कुर्ता स्वीकारला, मांसाहार सोडला आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. महागडी यंत्रे नसली तरी उत्तम विज्ञान करता येते, हे त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांच्या मनावर ठसविले. त्यांच्यापैकी एकाने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या, दुसऱ्याने नारळाच्या झाडाचा पीळ डावा की उजवा याची नोंद ठेवली. पाहण्याची सवय आणि मोजण्याची चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल होते. पुढे संस्थेच्या कारभाराशी मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि १९६२ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी आनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा उभारली.

ते कलकत्त्यास असतानाच, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भातील अनुसूचित जातींत, विशेषतः आज बौद्ध असलेल्या आमच्या समाजात, तसेच आदिवासींत व काही मागास समाजांत हे जनुक बऱ्याच प्रमाणात आहे, हे त्यानंतरच्या पाहण्यांतून स्पष्ट झाले. हे वाचून कोणी मान खाली घालू नये. हे जनुक एखाद्या समाजात साचून राहते याचे एक कारण जातीतल्या जातीत लग्ने होणे हे आहे. जातीचे मर्म या बेटीबंदीतच आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या आपल्या कोलंबियातील निबंधात दाखविले होते. त्याचाही हिशेब करून पाहावा. एका समाजात दहांत एक जनुक असेल तर तेथे शंभरात एक रुग्ण होतो. तेवढ्याच लोकसंख्येच्या दुसऱ्या समाजात ते मुळीच नाही असे धरले, तर दोन्ही मिळून दोनशेंत एक. हे दोन समाज लग्नसंबंधाने एकजीव झाले तर जनुकाचे प्रमाण विसांत एक होते आणि रुग्ण चारशेंत एक. जनुके तेवढीच राहून रुग्ण निम्म्यावर येतात. जातीच्या भिंती माणसाच्या रक्तालाही महाग पडतात, असा याचा अर्थ आहे.

आता हिवताप आटोक्यात येत आहे, तेव्हा हे जनुक आपोआप जाईल, असे काहीजण म्हणतात. गणित तसे सांगत नाही. आमच्या उदाहरणात हिवताप पूर्ण गेला आणि रुग्ण दगावतच राहिले, तरी दहांत एक हे प्रमाण पुढच्या पिढीत अकरांत एक होते, त्यापुढे बारांत एक. ते निम्म्यावर यावयास दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे लागतील. आणि रुग्ण दगावू नयेत हाच तर आपला प्रयत्न आहे. म्हणून काळावर भरवसा ठेवून चालणार नाही. जाणून घेणे हाच उपाय आहे.

हाल्डेन यांना १९६३ च्या सुमारास कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाज वा भीती न बाळगता वेळेवर तपासणी करून घ्यावी, हा तिचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. बालपणी वडिलांच्या प्रयोगाला दिलेला देह मरणानंतरही विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडला.

विद्यार्थी मित्रांना आणि त्यांच्या पालकांना आमची विनंती आहे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करून घ्या आणि मिळालेले कार्ड जपून ठेवा. लग्न जुळविताना पत्रिकेऐवजी हे कार्ड पाहा. वाहक हा रुग्ण नव्हे. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक धोका असतो. अशांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे आणि औषध चुकवू नये.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, आता प्रवेशाच्या वेळीच आम्ही प्रत्येक मुलाच्या तपासणीची नोंद घेतो. थंडीच्या दिवसांत पहाटे कोणी उठले नाही तर प्रथम त्याचे हातपाय दुखतात का ते विचारतो. ज्या मुलीला आम्ही धावावयास लावले होते, ती औषधोपचार घेत शिकत आहे. तिच्या आईला आम्ही शंभर मुलांचा तो हिशेब ज्वारीचे दाणे मांडून समजावून सांगितला. तिने तो दोनदा मोजून पाहिला. नंतर तिने पापाचा विषय काढला नाही. आपल्या धाकट्या मुलाची तपासणी कोठे करावी, एवढेच तिने आम्हांला विचारले.